५८ मिलिमीटर

माझ्या सायकलची फ्रेम १९८०च्या आसपास इंग्लंडमध्ये बनलेली आहे. मावशीचे यजमान कॉव्हेंट्रीत नोकरीला होते. कायमचे परत येताना त्यांनी ती सामानाबरोबर बोटीनं पाठवली. ते गेल्यावर मावशीनं मला बोलावून घेतलं आणि सायकल माझ्या हवाली केली. ‘‘तू चालवशील. बाकीचे भंगारात घालतील,’’ एवढंच ती म्हणाली. सीटखालच्या नळीवर रेनल्ड्स ५३१चं लेबल अजून वाचता येतं. बर्मिंगहॅमच्या या कंपनीनं १९३५मध्ये हे मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद आणलं आणि पुढे कित्येक वर्षं चांगल्या इंग्लिश सायकली त्याच्याच नळ्यांच्या बनल्या. मी भोसरीच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस, पोलाद हातात घेतलं की थोडंफार कळतं. फ्रेम सरळ होती, गंज वरवरचा होता, सांधे शाबूत होते. ही सायकल पुण्याभोवतीच्या घाटांत चालली पाहिजे आणि ती माझ्याइतकीच माझ्या मुलीनंही चालवली पाहिजे, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

अडचण चाकांपासून सुरू झाली. त्या काळच्या इंग्लिश आणि अमेरिकन दहा गिअरच्या सायकलींना २७ इंची चाकं असत. टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला त्यांचा व्यास ६३० मिलिमीटर. आज सगळीकडे मिळणाऱ्या ७००सी चाकाचा व्यास ६२२. आणि आपल्याकडच्या दूधवाल्यांच्या, पोस्टमनच्या काळ्या सायकलीच्या २८ इंची चाकाचा ६३५. आकडे एकमेकांना चिकटलेले दिसतात, पण एकाचा टायर दुसऱ्याला चालत नाही. ६३०चे चांगले टायर मला पुण्यात मिळेनात. शिवाय मूळ रिम क्रोम केलेल्या लोखंडाच्या होत्या. कोरड्या रस्त्यावर त्यांची तक्रार नसते. पाऊस लागला की मात्र क्रोमवर रबर नुसतं सरकतं. ताम्हिणीच्या उतारावर ऐन जुलैत मी दोन्ही ब्रेक मुठीत आवळून धरले होते आणि सायकल जणू काही घडलंच नाही अशी पुढे चालली होती. रिमवरचं पाणी पुसलं जाऊन रबर धरायला लागेपर्यंत वळण अंगावर आलं होतं. समोरून गाडी आली नाही, म्हणून आज हे लिहितो आहे.

तेव्हा ॲल्युमिनियमच्या रिमची ७००सी चाकं, त्यावर ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर आणि पावसाळ्यासाठी पूर्ण लांबीचे मडगार्ड, असा बेत ठरला. चाकं आली, बसली, फिरली. जुने ब्रेक मात्र त्यांच्यापर्यंत पोचेनात.

हिशोब सरळ आहे. व्यास ८ मिलिमीटरनं कमी झाला म्हणजे रिमची कड ४ मिलिमीटरनं खाली गेली. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी पकडणारी हातांची जोडी, ज्या भोकात बसतो ते भोक तर फ्रेमवर आहे तिथेच राहणार. म्हणजे कॅलिपरच्या हातांना ४ मिलिमीटर जास्त खाली पोचायला हवं. जुन्या कॅलिपरची रबरं आधीच हातांवरच्या खाचेच्या तळाशी होती. नव्या चाकावर त्यांची वरची कड रिमऐवजी टायरला टेकत होती. ज्यांच्याकडे चाकं बसवली त्या मिस्त्रींचं म्हणणं पडलं, ‘‘साहेब, थोडं घासेल, मग आपोआप बसेल.’’ हे मात्र मी मान्य केलं नाही, कोणीही करू नये. टायरच्या बाजूची भिंत म्हणजे धाग्यांवर रबराचा पातळ थर. ब्रेकचं रबर तिथे घासू लागलं तर एका लांब उतारात धागे उघडे पडू शकतात, आणि टायर फुटतो तो ब्रेक दाबलेला असताना, उतारावर, म्हणजे सगळ्यात वाईट वेळी. उलट रबर फार खाली गेलं तर ते रिमवरून निसटून तारांकडे शिरतं. रिमवरची ब्रेकची पट्टी जेमतेम बोटाच्या रुंदीची असते. त्या पट्टीत रबर पूर्ण मावलं पाहिजे, इथे तडजोड नाही.

मिस्त्रींना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे सायकलदुरुस्तीचं काम पिढ्यान्‌पिढ्या रॉड ब्रेकवर चाललं. त्यात सळ्या रबराला वर ओढतात आणि रबर रिमच्या आतल्या बाजूला लागतं. भोकापासून रिम किती खाली आहे हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. पुढे रेसर सायकली आल्या, त्यांचे कॅलिपर सायकलीबरोबरच कारखान्यातून यायचे. बदलताना तसाच दुसरा लावायचा. मोजण्याची वेळ कुणावर आली नाही.

मी मोजलं. पद्धत सांगतो, कारण सगळं काम याच मापावर उभं आहे. जे चाक कायम वापरायचं तेच फ्रेममध्ये घट्ट बसवायचं, धुरा फ्रेमच्या खाचेच्या तळाला टेकलेला पाहिजे. जुना कॅलिपर काढून त्याच्या भोकात ६ मिलिमीटरच्या ड्रिलचा गुळगुळीत दांडा घालायचा. दांड्याच्या वरच्या कडेपासून रिमवरच्या ब्रेकपट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्यातून ३ वजा करायचे. मोजपट्टी चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दांड्यांना समांतर धरायची, कारण कॅलिपर तसाच लोंबतो. तिरकी धरली की दोन-तीन मिलिमीटर सहज वाढतात. मागचं आणि पुढचं माप वेगवेगळं घ्यायचं. जुन्या फ्रेममध्ये ती दोन मापं क्वचितच सारखी येतात. मी पुठ्ठ्याचे साचेही कापून घेतले, म्हणजे दुकानात कॅलिपरवर ठेवून पाहता येतील.

पुढचं माप आलं ५८. मागचं ६४.

आता बाजारात काय मिळतं ते पाहू. या अंतराला सायकलवाले रीच म्हणतात. आजच्या रेसिंग सायकलीचे साधारण कॅलिपर ३९ ते ४९ मिलिमीटरचे असतात. म्हणजे रबर खाचेत सगळ्यात वर घेतलं तर ३९ आणि सगळ्यात खाली घेतलं तर ४९. त्याच्या पुढचा गट ४७ ते ५७चा. कंपन्या यालाच लाँग रीच म्हणून विकतात. शिमानोचा आर६५० याच गटातला, तैवानच्या टेक्ट्रोचा आर५३९ही याच गटातला. मडगार्ड लावून हिवाळ्यात चालवायच्या इंग्लिश सायकलींना, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससारख्या १२०० किलोमीटरच्या राइडला जाणाऱ्यांच्या सायकलींना हा गट बरोबर बसतो. ५७च्याही पुढे जायचं तर पर्याय एकदम कमी होतात. ५५ ते ७३चा टेक्ट्रो आर५५९ हा त्यातला सहज सापडणारा. ‘लाँग रीच द्या’ एवढंच दुकानात म्हटलं तर हातात ५७वाला पडतो की ७३वाला, हे नशिबावर असतं.

माझं पुढचं माप ५८ आणि देखणा, चकचकीत, सगळे ज्याची तारीफ करतात तो कॅलिपर ५७ला संपणारा. एक मिलिमीटर. या एका मिलिमीटरनं माझा बराच वेळ घेतला.

पेठेतल्या एका दुकानदारानं लगेच तोडगा काढला. ‘‘काका, खाच खाली थोडी कानशीनं घासा. एक मिलिमीटर काय, दोन निघतील. सगळे करतात.’’ करतात हे खरं आहे, मीही अशा सायकली पाहिल्या आहेत. मला ते पटलं नाही, आणि पटलं नाही ते भीतीपोटी नव्हे. कॅलिपरचा हात हा ठोकून घडवलेल्या ॲल्युमिनियमचा तुकडा असतो. खाचेच्या तळाची भिंत तीन-चार मिलिमीटरची, तिच्याभोवती घडाईचा पोत वळलेला. तिथे कानस फिरवली की भिंत पातळ होते, ते एक. दुसरं, कानशीच्या दातांचे ओरखडे राहतात, आणि ॲल्युमिनियममध्ये थकव्याची भेग अशाच ओरखड्यापासून सुरू होते. टूलरूममध्ये तुटलेले भाग माझ्या टेबलावर यायचे तेव्हा भेगेचं मूळ मी बहुतेक वेळा एखाद्या ओरखड्यातच पाहिलं आहे. आणि तिसरं, रबर धरणाऱ्या बोल्टच्या वायसरला बसायला सपाट जागा उरत नाही. हे सगळं पुढच्या ब्रेकवर करायचं? ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं होतं. सायकल थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. फ्रेमवर एखादा भाग कमकुवत चालेल असं म्हणायचंच झालं, तर तो हा नक्कीच नाही.

मग उरला ५५ ते ७३चा कॅलिपर. त्याच्याबद्दल सायकलवाल्या मित्रांचं मत वाईट होतं. लांब हात लवचीक असतात, ब्रेक स्पंजसारखा लागतो, थांबायला वेळ लागतो, असं जो तो सांगत होता. त्यात तथ्य आहे. एका टोकाला धरलेल्या पट्टीच्या दुसऱ्या टोकावर भार दिला तर तिचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. त्याच जाडीच्या हातावर रबर ४५ मिलिमीटरऐवजी ६४ मिलिमीटरवर बसवलं तर वाकणं जवळजवळ तिप्पट होईल. तरफेचंही तसंच आहे. वरचा, वायर ओढणारा हात तेवढाच ठेवून खालचा लांब केला तर रिमवर पडणारा दाब घटतो.

पण या तक्रारीत एक गोष्ट सुटते, आणि ती ध्यानात आली तेव्हा माझा निर्णय झाला. वाकणारी लांबी भोकापासून रबरापर्यंतची असते, खाचेच्या टोकापर्यंतची नाही. माझं माप ५८ आहे. ५७ला संपणारा कॅलिपर घासून ५८ला लावला काय किंवा ७३ला संपणारा ५८ला लावला काय, बल ज्या लांबीवर लागतं ती ढोबळमानानं सारखीच. ७३च्या कॅलिपरमध्ये रबराखालचे पंधरा मिलिमीटर नुसते लोंबत राहतील. दिसायला ते थोडं ओबडधोबड दिसतं, पण ब्रेक लागण्याशी त्याचा संबंध नाही. उलट एकाच कॅलिपरमध्ये रबर खाचेत जितकं वर, तितकी तरफ चांगली आणि हात ताठ. म्हणजे पुढे ५८ला हा कॅलिपर आपल्या चांगल्या टोकाला काम करणार होता, आणि ५७वाला आपल्या वाईट टोकाच्याही पलीकडे. लांब हाताला नावं ठेवणारे बहुतेक लोक तो ७०-७२ला लावलेला पाहतात आणि तोच अनुभव सगळीकडे लावतात. ५८ला आणि ६४ला त्याची गोष्ट वेगळी आहे.

दुसरे मार्गही पाहिले. कॅलिपर खाली उतरवणारे जोडबोल्ट मिळतात, त्यांना ड्रॉप बोल्ट म्हणतात. भोकात एक तुकडा अडकवायचा आणि त्याच्या खालच्या टोकाला कॅलिपर. सांधा वाढला की ढिलाई वाढते, म्हणून मी तो सोडला. सेंटरपुल हा मात्र खरा देखणा पर्याय होता. जुन्या फ्रेंच माफाकचे, स्विस वाइनमनचे सेंटरपुल त्या काळच्या टूरिंग सायकलींवर सर्रास असत, आणि जपानच्या डाया-कोंपेचे ६१० आणि ७५० आजही बनतात. दोन्ही हातांना आडवी वायर आणि मधोमध वरून ओढणारी वायर. पण त्यासाठी पुढे हँडलच्या बेअरिंगजवळ आणि मागे सीटजवळ वायर अडकवायचे आधार लागतात, आणि मला दुरुस्तीला सोपी सायकल हवी होती. वाटेत कुठल्याही गावात एक पाना आणि एक वायर मिळाली की चालू होणारी. सेंटरपुल आवडणाऱ्यांनी तो जरूर लावावा, मी लावला नाही.

मुलीचा हात हेही एक कारण होतं. जुना कॅलिपर एका कीलावर फिरणारा, साधा. १९९०च्या सुमारास शिमानोनं दोन कीलांचे कॅलिपर बाजारात आणले आणि पुढे सगळ्यांनी ती रचना उचलली. एक हात मध्यावर फिरतो, दुसरा बाजूच्या कीलावर. बोटांच्या त्याच जोरात रिमवर जास्त दाब येतो. त्याची किंमत म्हणजे रबरं रिमच्या अगदी जवळ ठेवावी लागतात, त्यामुळे चाकाचा आउट, म्हणजे डुलणं, नीट काढलेला हवा. माझा पंजा मोठा आहे, मुलीचा लहान. सिंहगडाच्या उतारावर नऊ किलोमीटर तिनं ब्रेक धरून उतरायचं असेल तर तिच्या बोटांना पुरेल असा ब्रेक हवा होता. ‘‘बाबा, तुमच्या हातांनी तपासून मला सांगू नका, मला धरू द्या,’’ असं तिनं आधीच बजावलं होतं, आणि ते बरोबर होतं.

आता बोल्ट. रीचइतकाच महत्त्वाचा आणि रीचपेक्षा जास्त विसरला जाणारा मुद्दा हा. जुन्या फ्रेममध्ये कॅलिपरचा लांब बोल्ट चिमट्याच्या माथ्यातून आरपार जातो आणि मागे साधा सहाकोनी नट लागतो. भोक दोन्हीकडे ६ मिलिमीटरचं. नव्या कॅलिपरचा बोल्ट आखूड असतो. चिमट्याच्या मागून एक नळीसारखा लांब नट आत सरकतो, तो ॲलन कीनं आवळायचा. या नटासाठी मागच्या बाजूचं भोक ८ मिलिमीटरचं लागतं. लांब बोल्टचे कॅलिपर निघतात, पण मी विचारलं त्या दुकानांत ते नव्हते.

इथे मला एका माणसाच्या लिखाणाचा उपयोग झाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये शेल्डन ब्राउन नावाचे मेकॅनिक होते. २००८मध्ये ते गेले. जुन्या सायकलींबद्दल त्यांनी इतकं आणि इतक्या आपुलकीनं लिहून ठेवलं आहे की जगभरातले हौशी लोक अजून त्यांच्याच आधारानं काम करतात. त्यांची युक्ती अशी: नव्या जोडीतल्या पुढच्या कॅलिपरचा बोल्ट मागच्यापेक्षा लांब असतो. जुन्या फ्रेमच्या मागच्या आडव्या दांडीतून तो पार जातो आणि त्यावर साधा नट, वायसर बसतो. म्हणजे मागे ड्रिल मारायलाच नको. पुढे मात्र चिमट्याच्या माथ्याचं मागचं भोक ८चं करून आतला लांब नट वापरायचा. थोडक्यात, जुन्या फ्रेमसाठी दोन्ही कॅलिपर पुढचेच घ्यायचे.

दुकानदाराला हे पटवायला वेळ लागला. ‘‘काका, सेट येतो. पुढचा एक, मागचा एक. दोन पुढचे घेऊन मागे काय लावणार?’’ मी पुठ्ठ्याचा साचा आणि जुना बोल्ट काउंटरवर ठेवून त्याला दाखवलं. त्यानं स्वतः बोल्टची लांबी लावून पाहिली, मग मुंबईच्या वितरकाला फोन केला आणि सुटे मागवून दिले. माणूस समजूतदार होता. दाखवलं की कळतं, नुसतं सांगितलं की वाद होतो, असा माझा दुकानांतला अनुभव आहे.

चिमट्याला ड्रिल मारणं हे काम मी स्वतः केलं आणि ज्याला बेंच ड्रिल आणि हाताला सवय नाही त्यानं ते चांगल्या टूलरूममध्ये किंवा लेथवाल्याकडे करून घ्यावं. चिमटा सायकलमधून पूर्ण काढायचा. फक्त मागची भिंत ८ची करायची. पुढची भिंत ६चीच राहिली पाहिजे, कारण कॅलिपरचा सगळा भार तीच पेलते. ड्रिलला खोलीची खूण बांधायची, एकदम ८चा बिट न घालता ७चा, मग पावणेआठचा, शेवटी रीमर हातानं फिरवायचा. आतला बुरा कापडानं काढून उघड्या पोलादाला प्रायमर लावायचा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात आतून गंज धरतो. कॅलिपर आणि गोल दांडी यांच्यामध्ये एका बाजूनं खोलगट असलेला वायसर बसवायचा. तो विसरला तर कॅलिपर गोलाव्यावर दोन टोकांनीच टेकतो आणि ब्रेक दाबताना डुगडुगतो. बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटरनं आवळायचा.

मागे पुढचा कॅलिपर लावला की एक धोका तयार होतो, तो सांगितलाच पाहिजे. सरकवून बदलायची रबरं ज्या शूमध्ये बसतात त्याचं एक टोक बंद, एक उघडं असतं. बंद टोक नेहमी सायकलच्या पुढच्या दिशेला हवं. रिम रबराला पुढे ढकलते, बंद टोक ते अडवतं. मागे लावताना कॅलिपर उलटा फिरतो, म्हणून डावा-उजवा शू अदलाबदल करावा लागतो. केला नाही तर जोरात ब्रेक मारताच रबर शूमधून निसटून रस्त्यावर पडू शकतं.

बाकीचं भराभर सांगतो. ब्रेकची आऊटर ही ब्रेकचीच घ्या, गिअरची नको; गिअरच्या आऊटरमध्ये तारा लांबीच्या दिशेनं असतात आणि ब्रेकच्या ताणाखाली ती फाटू शकते. लिव्हर साध्या कॅलिपरचेच घ्या. व्ही-ब्रेकचे लिव्हर जवळजवळ दुप्पट वायर ओढतात आणि कॅलिपरला लावले तर दाबच येत नाही. मी लहान पंजाला जवळ आणता येणारे लिव्हर बसवले. रबरं बदलून कूल-स्टॉपची सॅमन रंगाची घातली. ओल्या रिमवर त्यांची पकड मला सगळ्यात भरवशाची वाटते. रबराची पुढची कड रिमला आधी टेकेल इतकं, अर्धा ते एक मिलिमीटर तिरपं बसवलं, त्यानं किंचाळणं बंद होतं. पैसे कुठे घालायचे असतील तर कॅलिपरच्या नावापेक्षा रबरात आणि वायरीत घालावेत, असं माझं ठाम मत आहे. साध्या कॅलिपरला चांगलं रबर लावलं तर तो थांबवतो. महागड्या कॅलिपरला कडक झालेलं जुनं रबर असेल तर नाही.

मग चाचणी. सुरुवातीला इमारतीच्या आवारात, मग कात्रजच्या जुन्या घाटात, मग सिंहगडावर. वर चढून गेलं की उतरताना सुमारे ६०० मीटरची उंची खर्च करायची असते. सायकल धरून माझं वजन नव्वद किलो धरलं तर ही ऊर्जा पाच लाख ज्यूलच्या वर जाते. दीड लिटर पाणी उकळायला लागते त्याहून थोडी जास्तच. काही वाटा हवेचा, उरलेली सगळी रबर आणि रिम यांच्यात उष्णता होऊन बाहेर पडते. वळणावळणावर थांबून मी रिमला हात लावून पाहिला. गरम होती, चटका बसेल इतकी नव्हती. ब्रेक थोडा मऊ लागत होता, हे मी लपवणार नाही. ४९च्या आखूड कॅलिपरचा करकरीत ठामपणा यात नाही. पण दाब वाढवत नेला की पकड तशीच, सरळ चढत जाते. कुठे अडखळत नाही, कुठे संपत नाही. मुलगी माझ्यामागून उतरली, खाली आल्यावर तिनं बोटं उघडझाप करून पाहिली आणि म्हणाली, ‘‘दुखत नाहीयेत.’’ मला तेवढंच हवं होतं.

पावसाळ्यातला निकाल ताम्हिणीतच लागायचा होता. त्याच उतारावर, तसाच पाऊस. चाकाचा एखादा फेरा रबर पाणी पुसतं, मग धरतं. मडगार्डखाली टायर मोकळा फिरतो, चिखल अडकत नाही, कारण लांब हाताची कमान उंच असते. जांभ्या दगडाची लाल माती मात्र रबरात रुतते आणि रिम खरवडते. पावसाळ्यात दर मोठ्या फेरीनंतर चाक काढून, टाचणीनं रबरातले खडे आणि ॲल्युमिनियमचे कण काढावे लागतात. पाच मिनिटांचं काम आहे. ते टाळलं तर वर्षभरात रिमची पट्टी खोलगट होते.

या सगळ्यात सायकलच्या दुकानदारांकडे एक मागणं आहे. कॅलिपर विकताना रीच किती ते मिलिमीटरमध्ये गिऱ्हाइकाला सांगा, खोक्यावर आकडा नसेल तर स्वतः मोजून पेननं लिहा, आणि बोल्ट लांब नटाचा आहे की साध्या नटाचा तेही लिहा. काउंटरवर एक मोजपट्टी आणि ६ मिलिमीटरच्या ड्रिलचा एक जुना दांडा ठेवा. आणि जुनी २७ इंची सायकल घेऊन कोणी ७००सी चाकं लावायला आलं, तर चाकं विकायच्या आधी त्याला भोकापासून रिमपर्यंतचं माप घेऊन यायला सांगा.